न दिसणारे विमान

मुलांनो, सह्याद्रीच्या एखाद्या उंच कड्यासमोर उभे राहून तुम्ही मोठ्याने हाक मारली, तर क्षणभराने तीच हाक तुमच्याकडे परत येते. ध्वनीच्या लहरी कड्यावर आदळून मागे फिरतात. यालाच आपण प्रतिध्वनी म्हणतो. हाक मारल्यापासून प्रतिध्वनी ऐकू येईपर्यंत किती वेळ गेला हे मोजता आले, तर कडा किती दूर आहे हेही सांगता येते. रात्रीच्या काळोखात वटवाघूळ याच युक्तीने आपला मार्ग शोधते. रडार नावाचे यंत्र हेच करते. भेद इतकाच, की ते रेडिओलहरी सोडते. या लहरी सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर वेगाने धावतात. अंधार, धुके किंवा ढग यांचा त्यांना फारसा अडथळा होत नाही. दूर आकाशात विमान असेल, तर त्याच्या अंगावर आदळून या लहरींचा अल्पसा अंश परत येतो आणि रडारच्या पडद्यावर ठिपका उमटतो.

दुसऱ्या महायुद्धापासून वैमानिक या यंत्राची नजर चुकविण्याची धडपड करीत आले आहेत. कोणी जमिनीला लागून उडत, तर कोणी डोंगरांच्या आडोशाने जात. पुढे शास्त्रज्ञांच्या मनात एक निराळाच विचार आला. विमानावर आदळलेली लहर रडारकडे परतच जाणार नाही, असे विमान बांधता येईल काय? अशा विमानाला ‘स्टेल्थ’ विमान म्हणतात. स्टेल्थ म्हणजे चोरपावलांनी जाणे. अमेरिका, रशिया आणि चीन या देशांनी अशी लढाऊ विमाने बांधली आहेत. आपल्या देशातही बंगळूरच्या वैमानिकी विकास संस्थेत अशा विमानाची रचना चालली आहे. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘ॲम्का’ म्हणतात. हे काम इतके कठीण का आहे, ते या पाठात आपण पाहू.

आरशाने कवडसा पाडण्याचा खेळ तुम्ही खेळलाच असाल. विजेरीचा झोत आरशावर सरळ टाकला, तर तो उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. पण आरसा जरासा कलता धरला, की तो भिंतीवर कुठेतरी दूर जाऊन पडतो. स्टेल्थ विमानाच्या आकारामागे हेच तत्त्व आहे. त्याची प्रत्येक बाजू अशा रीतीने कललेली असते, की आलेली लहर आली त्या दिशेने न परतता भलतीकडेच निघून जावी. साध्या विमानाची शेपटी उभी असते आणि पंख आडवे असतात. या दोहोंमध्ये काटकोन होतो. खोलीच्या कोपऱ्यात चेंडू फेकला असता तो दोन्ही भिंतींना लागून फेकणाऱ्याकडेच येतो, त्याप्रमाणे या काटकोनात शिरलेली लहर नेमकी रडारकडे परत जाते. म्हणून स्टेल्थ विमानाच्या शेपटीचे पंख बाहेरच्या बाजूला झुकलेले असतात. त्याच्या चाकांवरील आणि पोटावरील झाकणांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या कापलेल्या असतात, कारण सरळ फटीवरूनही लहर परतते. एखादे झाकण नीट बसले नाही, किंवा एखाद्या खिळ्याचे डोके किंचित वर राहिले, तरी लपण्याचा सगळा खटाटोप फुकट जाण्याचा संभव असतो!

लहरी कोणत्या आकारावरून कशा विखुरतात, याचे गणित प्योत्र उफिम्त्सेव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने मांडले. त्याचा ग्रंथ १९६२ साली मॉस्कोत प्रसिद्ध झाला. त्या ज्ञानाचा लष्करी उपयोग होईल असे त्याच्या देशातील अधिकाऱ्यांना वाटले नाही, म्हणून तो उघडपणे छापला गेला. अमेरिकेने त्याचे भाषांतर करून घेतले, आणि तेथील अभियंत्यांनी त्या गणिताच्या आधारे ‘एफ-११७’ हे विमान बांधले. ते १९८१ च्या जून महिन्यात प्रथम उडाले. ते पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखे सपाट तुकड्यांचे दिसत असे, याचे कारण मोठे गमतीचे आहे. त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठभागांचे गणित पेलत नव्हते! सुंदर दिसावे म्हणून नव्हे, तर हिशेब जमावा म्हणून त्याला तो आकार मिळाला. तेही सर्वस्वी अदृश्य नव्हते. १९९९ च्या मार्चमध्ये सर्बियात असे एक विमान जुन्या बनावटीच्या क्षेपणास्त्राने पाडले गेले. तेव्हा ‘न दिसणारे’ याचा अर्थ ‘फार उशिरा दिसणारे’ असाच घ्यावयाचा.

उशिरा म्हणजे किती उशिरा? येथे थोडे अंकगणित करू. एखादे विमान रडारला जेथून दिसते ते अंतर निम्मे करावयाचे असेल, तर त्याचा प्रतिध्वनी निम्मा करून भागत नाही. तो सोळापट क्षीण करावा लागतो. अंतर एकदशांश करावयाचे, तर दहा हजारपट. दोनाचा चौथा घात सोळा आणि दहाचा चौथा घात दहा हजार, हे तुम्ही पडताळून पाहा. थोड्याशा लाभासाठी केवढा प्रयास करावा लागतो, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल. आकाराने जे साधत नाही ते साधण्यासाठी विमानाच्या अंगाला लहरी शोषून घेणारा लेप लावतात. हा लेप जड असतो, महाग असतो, आणि ऊन, पाऊस व वेग यांनी झिजतो.

परंतु आकार आणि लेप हे या कामाचे एक अंग झाले. खरी अडचण पुढेच आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे.

साधे लढाऊ विमान आपली क्षेपणास्त्रे आणि बाँब पंखांखाली टांगून नेते. तेलाच्या जादा टाक्याही तेथेच लटकतात. स्टेल्थ विमानाला असे उघड्यावर काहीही टांगता येत नाही, कारण प्रत्येक टांगलेली वस्तू रडारला ओरडून सांगते, ‘मी येथे आहे!’ मग हे सारे पोटात ठेवावे लागते. ॲम्काच्या पोटात सुमारे दीड टन शस्त्रे आणि साडेसहा टन इंधन मावेल अशी योजना आहे. पोट मोठे झाले की विमान जाड होते. जाड झाले की वजन वाढते आणि हवेचा विरोधही वाढतो. भरलेल्या ॲम्काचे वजन सुमारे पंचवीस टन होईल. पुढून पाहिले असता इंजिनाची फिरती पाती दिसता कामा नयेत, कारण तीही लहरी परतवतात. म्हणून हवेची वाट सापासारखी नागमोडी करावी लागते. पण इंजिनाला तर हवा सरळ आणि एकसारखी हवी असते! वाकड्या वाटेने आलेली हवा कोठे दाट तर कोठे विरळ होते. शिवाय विमानाच्या शेपटीतून निघणारी तप्त हवा उष्णता टिपणाऱ्या यंत्रांना दिसते, तीही शक्य तेवढी झाकली पाहिजे.

आता विचार करा. वजन वाढले, तर ते उचलणार कोण? इंजिन. वाकडी हवा पचविणार कोण? इंजिन. रडार आणि संगणक यांना वीज पुरविणार कोण? तेही इंजिनच. लपण्याच्या प्रत्येक युक्तीचे ओझे अखेर इंजिनाच्या माथ्यावर येऊन पडते. आणि लढाऊ विमानाचे उत्तम इंजिन बांधणे, हे आजही जगातील फारच थोड्या देशांना साधले आहे.

जेट इंजिनाचे काम तसे सांगायला सोपे आहे. पुढून हवा आत ओढावयाची, ती दाबून दाट करावयाची, तीत तेल जाळावयाचे, आणि तापलेली हवा मागून जोराने बाहेर सोडावयाची. तिच्या धक्क्याने विमान पुढे जाते. या धक्क्याला आपण रेटा म्हणू. बाहेर जाता जाता ही तप्त हवा टर्बाइनचे चक्र फिरवते, आणि त्या चक्राच्या बळावर पुढची हवा दाबण्याचे यंत्र चालते. टर्बाइनच्या चक्रावर हाताच्या बोटांएवढी अनेक पाती बसवलेली असतात. सारे दुखणे या पात्यांपाशी आहे.

आधुनिक लढाऊ विमानाच्या इंजिनात टर्बाइनवर येणारी हवा दीड हजार अंश सेल्सिअसपेक्षाही अधिक तापलेली असते. पाती ज्या निकेलमिश्रित धातूची करतात, तो धातू त्याआधीच वितळू लागतो. म्हणजे स्वतःच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा अधिक उष्ण झोतात त्या पात्याने काम करावयाचे! तेही स्थिर उभे राहून नव्हे, तर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेत. या फिरण्यामुळे प्रत्येक पात्याला बाहेर खेचणारी ओढ कित्येक टनांची असते. पाते वाचावे म्हणून त्याच्या पोटात बारीक पोकळ नळ्या ठेवतात. त्यांतून त्यामानाने गार हवा खेळवतात आणि ती पात्याच्या अंगावरील सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून बाहेर काढतात. त्या हवेचे पातळ पांघरूण पात्याचे रक्षण करते.

एवढ्यानेही भागत नाही. साखरेची बर्फी मोडली, तर ती दाण्यांच्या सांध्यावरून मोडते; पण खडीसाखरेचा एकसंध खडा तसा सहज तुटत नाही. साधारण धातू हा बर्फीसारखा असतो. तो असंख्य बारीक स्फटिकांचा बनलेला असतो आणि फार तापवून ओढला, म्हणजे त्या स्फटिकांच्या सांध्यांतून फाटू लागतो. म्हणून उत्तम इंजिनातील पाते आरंभापासून अखेरपर्यंत एकाच स्फटिकाचे करतात. ते कसे करतात ते ऐका. आपल्याकडचे मूर्तिकार पितळेची मूर्ती ओतताना प्रथम मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर मातीचा लेप देतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. पात्याची कृतीही मुळात हीच. मात्र साच्याच्या तळाशी एक अरुंद, मळसूत्राप्रमाणे वळलेली वाट ठेवलेली असते. साचा भट्टीतून अगदी सावकाश खाली उतरवतात. तळाशी धातू थिजू लागला की अनेक स्फटिक एकदम वाढू लागतात. परंतु त्या वळणावळणाच्या वाटेत एकेक मागे पडतो आणि अखेरीस एकच वर पोहोचतो. तोच वाढत वाढत सारे पाते व्यापतो. उतरवण्याचा वेग किंचित चुकला, तर पाते फेकून द्यावे लागते. वेग किती, भट्टीची आच किती, धातूत कोणता पदार्थ किती, हे कोणतीही कंपनी दुसऱ्याला सांगत नाही. पाते विकत मिळते. त्याची विद्या विकत मिळत नाही.

आपले इंजिन नसले म्हणजे काय होते, याचा अनुभव आपल्या देशाने पूर्वीच घेतला आहे. १९५६ साली कुर्ट टँक हे नामांकित जर्मन विमानतज्ज्ञ बंगळूरला आले आणि हिंदुस्थान कंपनीतील भारतीय अभियंत्यांच्या साहाय्याने त्यांनी ‘मारुत’ या लढाऊ विमानाची रचना केली. प्रथम त्याच आकाराचे इंजिनाशिवायचे लाकडी विमान करून ते १९५९ साली डकोटा विमानाच्या मागे दोर बांधून आकाशात नेले. जून १९६१ मध्ये खरा मारुत उडाला. त्याचे वैमानिक होते विंग कमांडर सुरंजन दास. भारतात रचलेले ते पहिले जेट लढाऊ विमान. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जावे अशा बेताने त्याचा देह घडवलेला होता. पण ज्या ब्रिटिश इंजिनाच्या भरवशावर तो घडवला, त्याचा विकास पूर्ण करण्यासाठी लागणारा खर्च द्यायला आपण तयार झालो नाही आणि ते इंजिन झालेच नाही. मागे वळून पाहता ती काटकसर आपल्याला फार महाग पडली, असे माझे मत आहे. मग इजिप्तमध्ये तयार होत असलेले एक इंजिन वापरण्याचा प्रयत्न झाला; तोही १९६९ साली सोडून द्यावा लागला. अखेर मारुत लहान इंजिनांवरच उडत राहिला आणि ध्वनीच्या वेगाच्या आसपासच अडला.

आहे त्याच इंजिनाचा रेटा वाढवावा म्हणून बंगळूरला एक सुधारलेला मारुत तयार करण्यात आला. १० जानेवारी १९७० रोजी तो घेऊन सुरंजन दास उडाले. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते विमान कोसळले आणि त्यात त्यांचा अंत झाला. जो वैमानिक मारुतला प्रथम आकाशात घेऊन गेला, तोच त्याच्या इंजिनाची उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नात गेला. एकूण १४७ मारुत बांधले गेले. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी चांगली कामगिरी केली. जमिनीलगत उडण्यात ते विमान उत्तम होते, असे सारे सांगतात. पण ज्या कामासाठी ते जन्मले होते, ते काम त्याच्या हातून होऊ शकले नाही.

त्यानंतर १९८३ साली हलक्या लढाऊ विमानाची योजना हाती घेण्यात आली. तेच आजचे ‘तेजस’. डॉ. कोटा हरिनारायण यांच्या नेतृत्वाखाली त्याची रचना झाली. हे विमान मुद्दामच अस्थिर ठेवलेले आहे, म्हणजे ते चटकन वळते. मात्र संगणकाने क्षणोक्षणी सावरल्याखेरीज ते उडूच शकत नाही. त्या संगणकाचे काम अमेरिकेच्या साहाय्याने चालले होते. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या, तेव्हा अमेरिकेने सहकार्य थांबवले आणि तेथे काम करीत असलेले आपले अभियंते परत आले. ते हात जोडून बसले नाहीत. उरलेले काम त्यांनी येथेच पुरे केले, आणि ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजस अठरा मिनिटे आकाशात फिरवून सुखरूप खाली आणले. २०१६ साली वायुदलात त्याचे पहिले पथक उभे राहिले.

संगणकाची विद्या आपण मिळवली. इंजिनाची मात्र हुलकावणी देत राहिली. तेजससाठी १९८९ साली बंगळूरच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेकडे ‘कावेरी’ इंजिनाचे काम सोपवण्यात आले. कावेरी फिरली, गर्जली, परंतु ती ठरल्यापेक्षा जड झाली आणि तिचा रेटा अपुरा पडला. एवढ्या उंचीवर इंजिन कसे वागते हे पाहण्यासाठी ते मोठ्या विमानाला बसवून उडवावे लागते. तसे विमान आपल्याकडे नव्हते, म्हणून २०१० साली कावेरी रशियाला न्यावी लागली. त्याआधीच, २००८ साली, तेजसपासून तिची फारकत झाली होती. तेजस अमेरिकन इंजिनावरच उडतो. त्या इंजिनांपैकी ९९ इंजिनांची मागणी २०२१ साली नोंदवली गेली. त्यांतील पहिले मार्च २०२५ मध्ये हाती आले. तोपर्यंत विमानांचे सांगाडे तयार होऊन इंजिनाची वाट पाहत होते. आपल्या नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात बांधलेला पहिला तेजस ऑक्टोबर २०२५ मध्ये उडाला, तोही याच परक्या इंजिनावर.

कावेरीचे श्रम वाया गेले, असे काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. धातू, पाती, भट्ट्या आणि चाचण्या यांचे ज्ञान मिळण्याला दुसरा मार्गच नाही. एकस्फटिकी पाती ओतण्याची कृती हैदराबादच्या धातुसंशोधन प्रयोगशाळेने साध्य केली, आणि २०२१ साली हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी साठ पाती तयार करून दिली. हेलिकॉप्टरचे इंजिन लहान असते हे खरे, पण कृती तीच.

ॲम्काच्या पहिल्या विमानांचा आराखडा आणि बांधणी यांसाठी भारत सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर केले. २०२५ च्या फेब्रुवारीत बंगळूरजवळ येलहंका येथील प्रदर्शनात या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती मांडली होती. झुकलेली शेपटी आणि बंद पोट लोकांनी डोळे भरून पाहिले. ॲम्काला दोन इंजिने लागतील. आरंभी प्रत्येकी सुमारे दहा टन रेट्याची अमेरिकन इंजिने बसतील. पुढील विमानांसाठी सुमारे बारा टन रेट्याचे नवे इंजिन पाहिजे आहे. ते ‘साफ्रां’ या फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने भारतात घडवले जाईल, असे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. असे इंजिन प्रथम जमिनीवरील चौथऱ्याला जखडून हजारो तास चालवावे लागते. त्यात मुद्दाम पाणी ओततात, मेलेले पक्षीसुद्धा टाकतात. मग ते फोडून पात्यांना कोठे तडा गेला ते भिंगाखाली तपासतात, आणि दुरुस्ती करून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतात. या कामाला दहा-बारा वर्षे सहज लागतात. विमानाचा देह त्याच्या कितीतरी आधी तयार होतो. म्हणूनच ॲम्काची पहिली विमाने दुसऱ्याच्या इंजिनावर उडवावयाची आणि नव्या इंजिनाची विमाने मागाहून आणावयाची, असा क्रम ठरवण्यात आला आहे.

अभ्यास

१. रडार आणि प्रतिध्वनी यांत साम्य काय व भेद काय, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. ‘लपण्याच्या प्रत्येक युक्तीचे ओझे अखेर इंजिनाच्या माथ्यावर येऊन पडते.’ लेखकाने यासाठी कोणकोणती कारणे दिली आहेत?
३. विमान रडारला दिसण्याचे अंतर एकतृतीयांश करावयाचे असेल, तर प्रतिध्वनी कितीपट क्षीण करावा लागेल?
४. मारुत विमानाच्या बाबतीत केलेली काटकसर योग्य होती काय? तुमचे मत सकारण लिहा.
५. खडीसाखर आणि बर्फी यांचा दृष्टान्त कशासाठी दिला आहे?
६. वाक्यांत उपयोग करा : नजर चुकविणे, हुलकावणी देणे, फारकत होणे, डोळे भरून पाहणे.